रातोरात दाराचा कोपरा कुरतडला गेला: उंदीर, वाळवी की भुंगेरा?

निळी_दौत
झोपायच्या खोलीच्या दाराचा खालचा कोपरा एका रात्रीत गेला. रात्री दार लावलं तेव्हा धड होता, सकाळी खाच. जे दिसतंय ते मापासकट लिहिते.

दार साधं फ्लश डोअर, जाडी ३५ मिमी. दोन्ही बाजूंना लॅमिनेट आहे, पण खालची कड उघडी आहे, तिला रंग नाही की पट्टी नाही. दार आणि फरशी यांत ८ मिमी फट. खाच कडीच्या बाजूला, कोपऱ्यापासून ३ सेमी आत. रुंदी ४० मिमी, कडेपासून वर १५ मिमी, आणि आरपार. फरशीवर तपकिरी भुसा आणि लॅमिनेटचे कपचे पडलेत. माती कुठेही नाही.

गोंधळ पुढे आहे. त्याच दाराच्या लाकडी चौकटीला गुडघ्याच्या उंचीवर टाचणीच्या डोक्याएवढी सात-आठ गोल भोकं आहेत आणि त्यांच्या खाली पांढुरकं पीठ. हे सगळं एकाच किडीचं काम आहे का? वाळवीचं औषध मारून घ्यायचा विचार आहे, पण आधी नक्की कळलं तर बरं. भुसा अजून झाडलेला नाही.

सागवान_पट्टी
भुसा झाडला नाहीत हे फार चांगलं केलंत. निम्मा पुरावा त्यातच असतो आणि नव्वद टक्के लोक तोच आधी केरात टाकतात.

पहिलं काम: भुसा चमच्याने गोळा करून मोजा. खाचेचं आकारमान ४ × १.५ × ३.५ सेमी, म्हणजे सुमारे २१ घन सेमी. चहाचा सपाट चमचा ५ मिली धरला तर भरीव लाकूड चार चमचे. भुसा सैल असतो, तो दुपटीच्या आसपास भरतो. आठ-दहा चमचे निघाला, तर लाकूड कुणी खाल्लेलं नाही, फक्त काढून टाकलंय. उंदीर लाकूड गिळत नाही. पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये त्याला मोकळी जागा असते, कुरतडताना ओठाची कातडी तिथे आत वळून तोंड बंद करते आणि कपचे बाहेरच राहतात. वाळवीचं उलट. ती लाकूड पोटात घालते, त्यामुळे मोठं भगदाड पडूनही खाली मूठभरसुद्धा भुसा मिळत नाही.

दुसरं: भुसा दाराच्या कुठल्या बाजूला जास्त आहे? खोलीत की बाहेर? ते लिहिलेलं नाही, आणि सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे.

अंगणवेल
मला वाळवीची शंका येते. वाळवी आतून पोखरते, वरची साल तशीच ठेवते, आणि एक दिवस जरा धक्का लागला की कोपरा गळून पडतो. बघणाऱ्याला वाटतं रात्रीत झालं. शिवाय चौकटीला भोकं आहेतच.

सागवान_पट्टी
अंगणवेल, पहिला मुद्दा बरोबर आहे आणि लक्षात ठेवण्यासारखा आहे. वाळवीचं नुकसान रात्रीत *होत* नाही, रात्रीत *उघडं पडतं*. पण मग तुटलेल्या जागी आत काय दिसतं ते बघायचं. नरम थर खाल्लेले, कठीण रेषा पापुद्र्यासारख्या उभ्या राहिलेल्या, मध्ये ओलसर माती भरलेली, आणि आजूबाजूला बोटाने दाबलं तर लाकूड आत जातं. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने खाचेपासून वर १० सेमी ठोकून पाहा. वाळवी असेल तर आवाज पोकळ येतो. फ्लश डोअरमध्ये एक खोड आहे: कडेची पट्टी आणि आतला भराव यांचा आवाज मुळातच वेगळा असतो. म्हणून दुसऱ्या कोपऱ्यावर त्याच उंचीवर ठोका आणि तुलना करा. एकट्या आवाजावरून निकाल देऊ नका.

जमिनीतून येणारी वाळवी मातीच्या नळीशिवाय उजेडात फिरत नाही. ती नळी मात्र रात्रीत चांगली वीतभर वाढू शकते. त्यामुळे ‘काल नव्हतं, आज आहे’ हे मातीच्या रेघेबद्दल असेल तर वाळवी, लाकडातल्या ताज्या खाचेबद्दल असेल तर दुसरं कोणी.

भिंगवाला
चौकटीच्या भोकांचा विषय पूर्ण वेगळा धरा. एका दारावर दोन खुणा दिसल्या की माणूस एकच आरोपी शोधतो आणि तिथेच चुकतो.

टाचणीच्या डोक्याएवढं गोल भोक, १ ते २ मिमी, आणि खाली पीठ, हे लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्याचं. ते पीठ चिमटीत घेऊन चोळा. टाल्कम पावडरसारखं गुळगुळीत लागलं, कण टोचला नाही, तर लिक्टस जातीचा भुंगेरा. तो रुंदपर्णी झाडांच्या लाकडातल्या बाहेरच्या फिकट भागातच राहतो, कारण अळीला लागणारं पिष्ट तिथे असतं. पाइनसारख्या सूचिपर्णी लाकडात तो अंडी घालू शकत नाही, त्या लाकडाला तशी सूक्ष्म छिद्रंच नसतात. रवाळ लागलं तर दुसऱ्या जातीचा. आणि कण मोठे, एकसारखे, बारीक बियांसारखे, भिंगाखाली सहा पैलूंचे दिसले, तर भुंगेरा नाहीच, ती कोरड्या लाकडातली वाळवी. त्या वाळवीला माती लागत नाही, म्हणून ‘माती नाही, म्हणजे वाळवी नाही’ हा नियम तिच्यापुरता खोटा ठरतो.

भोक म्हणजे भुंगेरा बाहेर पडल्याची वाट. अळी आत कित्येक महिने असते. तेव्हा ही भोकं काल रात्रीची असण्याचा काही संबंध नाही.

कौलारू
अजून एक शक्यता आधी काढून टाका. कडीच्या किंवा कुलपाच्या उंचीवर चेपल्याच्या सपाट खुणा, चौकट आणि दार दोन्हींवर समोरासमोर, असं असेल तर ते हत्याराचं काम आहे. तुमची खाच खाली फरशीजवळ आहे, म्हणून तो प्रश्न नाही. पण धागा वाचणाऱ्या बाकीच्यांनी दाराचं नुकसान दिसलं की ती उंची आधी बघावी.

कुत्र्या-मांजराचं ओरखडणं वेगळं दिसतं. उभ्या समांतर रेघा, खाली खोल होत गेलेल्या, आणि कड शाबूत. खारही लाकूड कुरतडते, पण ती दिवसा हिंडते.

निळी_दौत
सगळं पाहून आले.

भुसा: अकरा चमचे, थोडा अजून फटीत आहे. त्यातला जवळजवळ सगळा खोलीच्या आत, बाहेर जेमतेम अर्धा चमचा. कपचे २ ते ४ मिमीचे, बाहेरच्या लॅमिनेटचे तुकडे मोठे. ठोकून दोन्ही कोपऱ्यांचा आवाज सारखाच आहे, लाकूड कडक आहे. खाच आतल्या बाजूला रुंद, बाहेर जाताना निमुळती. कडेवर जोडीजोडीने खोबणी दिसतात, पण माप घेता येत नाहीये.

पीठ गुळगुळीत आहे.

सागवान_पट्टी
मग वाळवी गेली यादीतून. औषध मारणाऱ्याला बोलावू नका. ते औषध उंदराला अडवत नाही.

खोबणीचं माप असं घ्या. खोलीत अंधार करा, टॉर्च दाराच्या पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून तिरका उजेड टाका. समोरून उजेड टाकला की खोबणी सपाट दिसते, तिरक्या उजेडात सावली पडून उठून दिसते. शेजारी मिमीची पट्टी धरून मोबाइलने फोटो काढा आणि मोठा करून मोजा. दोन दातांच्या खुणा मिळून ३-४ मिमी भरल्या तर मोठा उंदीर. दोन्ही मिळून २ मिमीच्या आत असतील तर छोटा घरउंदीर. खालचे दोन दात पटाशीसारखे ओढले जातात, वरचे आधार देतात, म्हणून खुणा नेहमी जोडीने.

आता दिशा. भुसा आत, रुंद तोंड आत. म्हणजे तो खोलीत शिरायला नाही, खोलीतून बाहेर पडायला कुरतडत होता. तुम्ही दार लावलंत तेव्हा तो आत होता. ८ मिमीच्या फटीतून छोटा घरउंदीर सहज जातो, त्याला ६ मिमीच्या वर काहीही पुरतं, त्याला कुरतडायची गरजच नव्हती. मोठ्या उंदराला साधारण २० मिमी लागतात. ८ आणि १५ मिळून २३ झाले. कवटी जाईल एवढी जागा झाल्यावर तो थांबला आणि गेला. मापच सांगतंय कोण होता ते.

कौलारू
+१. खाच कोपऱ्यापाशी का, याचंही उत्तर यात आहे. सपाट गुळगुळीत पृष्ठभागावर उंदराचे दात धरत नाहीत, त्याला सुरुवात करायला कड लागते. तुमच्या दाराची उघडी खालची कड ही आयती पकड होती.

लेंड्या शोधा. भिंतीच्या कडेला, कपाटामागे, पडद्याच्या खाली. ३ ते ६ मिमी, दोन्ही टोकं बारीक, तर छोटा घरउंदीर. १२ मिमीच्या पुढे आणि टोकं निमुळती, तर काळा उंदीर, जो चढण्यात पटाईत असतो. त्याहून मोठ्या, जाडसर, बोथट टोकांच्या असतील तर जमिनीत बिळं करणारा तपकिरी उंदीर. हा फरक नुसता नावाचा नाही. काळा वरून येतो, तपकिरी मोरीतून किंवा बिळातून, त्यामुळे तुम्ही कुठे शोधायचं हे लेंडी ठरवते.

अंगणवेल
घूस किंवा चिचुंद्री नसेल ना? चिचुंद्री तर रात्री भिंतीच्या कडेने पळताना बऱ्याच घरांत दिसते.

कौलारू
चिचुंद्री उंदरांच्या कुळातली नाहीच. ती किडे खाते, तिचे दात बारीक आणि टोकदार असतात, लाकडाला ती हात लावत नाही. उलट झुरळं खाऊन टाकते. तिला मारू नका. तिचा वास उग्र येतो आणि ती चिक् चिक् आवाज करत जाते, यावरून ओळख पटते.

घूस करू शकते, पण ती बहुतेक बाहेरून, जमिनीलगत, आणि शेजारी उकरलेल्या मातीचा ढिगारा असतो. ती आतल्या खोलीत अडकून बाहेर कुरतडत निघेल ही शक्यता कमी.

निळी_दौत
कपाटामागे सहा लेंड्या मिळाल्या. १२ ते १४ मिमी, टोकं निमुळती. दातांची जोडी ३.५ मिमी. लेंड्या मऊ नाहीत पण वरून चकाकतात.

कौलारू
काळा उंदीर. चकाकणारी, गडद लेंडी म्हणजे ताजी. जुनी झाली की करडी पडते आणि दाबल्यावर भुगा होतो.

त्या कोरड्या झाडू नका. धूळ उडते, आणि उंदराच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिससारखे आजार पसरतात. हातमोजे घाला, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी असं मिश्रण शिंपडा, ५ मिनिटं भिजू द्या, मग कागदाने उचला. ब्लीचमध्ये दुसरं कुठलंही सफाईचं द्रव मिसळू नका.

आता तो बाहेर गेलाय की परत येतोय हे बघा. खाचेच्या दोन्ही बाजूंना फरशीवर टाल्कम पावडरचा अगदी पातळ थर द्या, साधारण ३० × २० सेमी. थर जाड झाला की ठसा ढासळतो, फरशी अंधुक दिसेल इतकाच हवा. सकाळी ठसे बघा. पुढच्या पायाला चार बोटं, मागच्याला पाच, आणि मध्ये शेपटीची रेघ असू शकते. बोटं ज्या दिशेला, त्या दिशेला तो गेला. सलग ३ रात्री पाहा. एका रात्रीवर भरवसा नको.

बिजागरी
दाराची दुरुस्ती कोणी विचारलेली नाही पण ती चुकीची केली तर महिन्याभरात पुन्हा तेच. पुट्टी किंवा लांबी भरू नका, दात लागताच ती कपच्यांत निघते. फोम तर नकोच, फोम तो भाकरीसारखा फोडतो.

दार बिजागऱ्यांवरून उतरवा. खाच करवतीने चौकोनी करा, ६० × २० मिमी. कडक लाकडाचा तुकडा घट्ट बसेल असा घ्या, पाण्याला टिकणारा गोंद लावा, शिकंज्यात २४ तास ठेवा. मग पूर्ण खालच्या कडेला प्रायमरचे दोन हात द्या, फक्त तुकड्याला नाही. उघडी कड फरशी पुसतानाचं पाणी पिते आणि फुगते.

त्यानंतर खालच्या कडेला यू आकाराची स्टीलची पट्टी चढवा, पत्रा ०.६ ते ०.८ मिमी, जस्ताचा मुलामा असलेला किंवा स्टेनलेस. आतली रुंदी ३६ मिमी, दोन्ही पाखं ४० मिमी वर येतील अशी. दर १५ सेमीला १२ मिमीचा चपट्या डोक्याचा स्क्रू. लोक करतात काय, दाराच्या दर्शनी बाजूला वीतभर उंच चकचकीत पत्रा ठोकतात आणि खालची कड तशीच उघडी सोडतात. वर कौलारूंनी लिहिलंय ना, दात कडेला धरतात. कड झाकली नाही तर तो पत्रा फक्त शोभेचा. अॅल्युमिनियमची पातळ पट्टी पण टाळा, ती तो कुरतडू शकतो.

दाराखालची फट ५ मिमीवर आणा. फरशी उंचसखल असेल आणि दार घासत असेल तर आत स्टीलची जाळी असलेला ब्रश लावता येतो. नुसती रबराची पट्टी हवा अडवते, उंदीर नाही.

सागवान_पट्टी
बिजागरींच्या प्रत्येक शब्दाला अनुमोदन, पण क्रम चुकवू नका. दार आज पक्कं केलंत आणि उंदीर अजून घरात असला, तर तो दुसरं दार, खिडकीची जाळी किंवा वायर कुरतडेल. वायर कुरतडणं दारापेक्षा किती तरी धोक्याचं. कोंडलेला उंदीर हेच या नुकसानीचं कारण आहे. आधी पकडा, मग ३ रात्री पावडर कोरी राहू द्या, मग वाटा बुजवा, आणि दार सगळ्यात शेवटी.

तोपर्यंत ती खाच तशीच राहू द्या. दिसायला वाईट दिसते, पण त्याची ये-जा तिथून होते तोवर सापळा कुठे ठेवायचा हे तुम्हाला ठाऊक आहे.

अंगणवेल
विषाची वडी ठेवली तर झटपट नाही का होणार?

कौलारू
झटपट होत नाही. बहुतेक विषं रक्त गोठू न देणारी असतात, उंदीर काही दिवसांनी मरतो, आणि तोवर कुठेतरी फळीमागे किंवा छताच्या पोकळीत जाऊन बसतो. मग वास, आणि शोधायला पुन्हा तोडफोड. मेलेला किंवा गुंगलेला उंदीर मांजराने, घुबडाने खाल्ला तर विष पुढे जातं. लहान मुलं असलेल्या घरात तर विचारही करू नये.

स्प्रिंगचा सापळा मोठ्या उंदराच्या मापाचा घ्या. भिंतीला काटकोनात, आमिषाची बाजू भिंतीकडे. तो भिंतीला मिशा लावत पळतो, त्यामुळे सापळा भिंतीपासून फूटभर लांब ठेवला तर बाजूने निघून जातो. दोन सापळे शेजारी ठेवा, एकावरून उडी मारली तर दुसऱ्यात. आमिष शेंगदाण्याएवढंच, आणि दोऱ्याने पट्टीला बांधलेलं, नाहीतर ते उचलून नेतो आणि सापळा तसाच.

मोठा उंदीर नव्या वस्तूला बिचकतो. म्हणून पहिले २-३ दिवस सापळा न ताणता, नुसतं आमिष लावून ठेवा. आमिष खाल्लं जाऊ लागलं की ताणा. पहिल्याच रात्री ताणून ठेवला आणि तो नुसता चाटून निसटला, तर पुढे त्या सापळ्याकडे बरेच दिवस फिरकत नाही. छोट्या घरउंदराचं उलट, तो नव्या वस्तूकडे स्वतः येतो, त्याच्यासाठी पहिल्या रात्रीच ताणावा.

तो वरून आलाय हे धरून चला. खिडकीच्या वरची फट, एसीच्या नळीचं भोक, पडदा, पाइप. सावधगिरी म्हणून १२ मिमीपेक्षा मोठी प्रत्येक जागा संशयित धरा. वाटेवर तेलकट काळपट डाग दिसतात, अंगावरचं तेल आणि मळ रोज घासून झालेले. बोट फिरवलं आणि डाग लागला तर वाट चालू आहे.

निळी_दौत
एसीच्या नळीभोवती २५ मिमीची पोकळी आहे, आधी फोमने भरलेली होती, फोम आतून खाल्लेला. वरच्या भिंतीवर काळपट पट्टा आहे आणि बोटाला लागतो. पावडरवर पहिल्या रात्री बाहेरच्या बाजूला ठसे, मागचा पाय ३ सेमीच्या वर, बोटं खोलीकडे. म्हणजे परत येतोय. सापळे न ताणता ठेवले आहेत.

बिजागरी
ती पोकळी बुजवताना आधी स्टेनलेस स्टीलची लोकर दाबून भरा, साधी लोखंडी लोकर गंजते आणि भिंतीवर डाग ओघळतो. वरून एक भाग सिमेंट, तीन भाग वाळूचं गच्च भरण. मोठी जागा असेल तर ६ मिमी छिद्राची वेल्डेड जाळी आधी. नळीचं इन्सुलेशन दाबलं जाणार नाही एवढी काळजी घ्या, नाहीतर तिथे पाणी सुटेल.

भिंगवाला
चौकट विसरू नका. त्या भोकांभोवती आज पेन्सिलने वर्तुळं काढा, पीठ ब्रशने साफ करा आणि तेवढ्या भागावर पातळ कागद सगळीकडून गोंदाने चिकटवा.

निळी_दौत
१९ दिवसांनी लिहिते आहे. पाचव्या रात्री एक सापडला, त्यानंतर चार रात्री पावडर कोरी. एसीची पोकळी बंद केली, दार उतरवून तुकडा बसवला, पट्टी उद्या येईल.

चौकटीवर कागदाच्या खालच्या कडेला पुन्हा थोडं पीठ जमलं आहे. म्हणजे भुंगेरा जिवंत आहे ना?

भिंगवाला
पिठावरून ठरवता येणार नाही. दार उतरवताना, बसवताना चौकटीला ठोके बसले असणार. जुन्या बोगद्यातलं पीठ अशा हादऱ्याने वर्षानुवर्षं गळत राहतं. कागदाला भोक पडलंय का ते बघा. भुंगेरा बाहेर येताना कागद फोडूनच येतो.

कागद अखंड असेल तर तसाच ठेवा, निदान वर्षभर, कारण आतल्या अळीला तेवढा वेळ लागू शकतो. भोक पडलं तर त्या भागाचा रंग घासून लाकूड उघडं करा आणि बोरॉनच्या द्रावणाचे दोन-तीन हात द्या, डब्यावर दिलेल्या प्रमाणात. रंगावरून लावलं तर ते आत जिरत नाही, नुसतं ओघळून वाळतं. आणि जुन्या भोकांत मेण भरा, म्हणजे पुढच्या वेळी दिसणारं भोक नवं आहे की जुनं हा प्रश्न उरणार नाही.